सिंधू सिस्टर आणि ‘खारा ओढा’

आमच्या वाचनालयात दुपारी दोन ते चार कोणी येत नाही. सकाळी पेन्शनर मंडळी वर्तमानपत्रं चाळून जातात, संध्याकाळी स्पर्धा परीक्षेची मुलं-मुली खुर्च्या धरतात. मधल्या वेळात मी, पंखा आणि कपाटं. जामखेडचं एप्रिलचं ऊन असं की त्या वेळेला समोरच्या झेरॉक्सवाल्याचंही शटर अर्धं खाली असतं. अशाच एका दुपारी दारात एक ठेंगणी, साठीला टेकलेली बाई येऊन उभी राहिली. फिकट निळी सुती साडी, चापून बसवलेला अंबाडा, खांद्याला कापडी पिशवी. चपला तिनं बाहेर काढल्या होत्या आणि पायरी तापल्यामुळे ती एकदा या पायावर, एकदा त्या पायावर भार देत होती.

“आत या ना, चपला असू द्या,” मी म्हटलं.

“नको, धूळ येती,” असं म्हणून त्या आत आल्या, आणि टेबलाच्या कडेला दोन बोटं टेकवून हळू आवाजात विचारलं, “‘खारा ओढा’ हाय का तुमच्याकडं?”

“आहे की. सभासद आहात?”

“न्हाई. घरी न्यायचं न्हाई मला. हितंच वाचनार.”

‘खारा ओढा’ मागणारं माणूस मला चार-पाच वर्षांत भेटलं नव्हतं. तशी ती गाजलेली कादंबरी. आमच्या आधीच्या पिढीत ती घरोघरी माहीत होती, एम.ए.ला मलाही होती. कुठल्याशा जुन्या दुष्काळातली गोष्ट. तिच्यात भागी नावाची एक विधवा आहे. खडी फोडायच्या कामावर असताना ती आपल्या लहान पोरीला दगडांच्या ढिगाशी बसवते आणि मुकादमाच्या ट्रकमध्ये बसून निघून जाते. कादंबरी वाचलेल्या कुणालाही विचारा, बाकीचं विसरला असेल, पण ते पान त्याच्या लक्षात असतं. परीक्षेत ‘भागीचे व्यक्तिचित्र रेखाटा’ असा प्रश्न आला होता आणि मी तीन पानं खरडून भागीला चांगली झोडपली होती. मार्कही चांगले पडले होते.

मी पुस्तक काढून दिलं. त्यांनी ते हातात घेतलं नाही. “टेबलावर ठेवा,” म्हणाल्या. मग समोर बसल्या आणि पंधरा-वीस मिनिटं नुसत्या त्या पुस्तकाकडे बघत राहिल्या. उघडलं नाही. उठल्या आणि “उद्या येते,” म्हणून गेल्या. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांनी चष्मा पुसला, पुस्तक उघडलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.

वाचायची त्यांची तऱ्हा वेगळी होती. पाठ ताठ, डाव्या हाताची तीन बोटं उजव्या मनगटावर. वाचताना त्या स्वतःची नाडी धरून बसायच्या. मी एकदा हसून विचारलं, तेव्हा त्यांना स्वतःलाच ते माहीत नव्हतं. “अगं बाई,” म्हणाल्या, “सवय लागलीय. दुसऱ्याचा हात न्हाई मिळाला की आपला धरायचा.” तेव्हा मला कळलं की त्या नर्स होत्या. चौतीस वर्षं आरोग्य खात्यात, त्यातली बहुतेक अकोले तालुक्याच्या डोंगरात, भंडारदऱ्याच्या वरच्या वाड्यांवर. तिथं त्यांना सगळे ‘शिष्टर’ म्हणत. निवृत्त झाल्यावर जन्मगाव जवळ म्हणून जामखेडला खोली घेऊन राहिल्या होत्या. गाव इथून वीसेक किलोमीटरवर, पण तिथं त्या राहायला गेल्या नाहीत. लग्न केलेलं नव्हतं. भेटायला कोणी येत नव्हतं आणि त्याबद्दल त्या कधी तक्रारीच्या सुरात बोललेल्या मला आठवत नाहीत.

रोज दोनला यायच्या, चारला जायच्या. दोनदा मी घरून आणलेला डबा पुढे केला, तर “मी जेवूनच निघते,” म्हणाल्या. पुढे कळलं, त्या मागच्या पायरीवर बसून एक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खात आणि हात धुऊन मगच पुढच्या दारानं आत येत. वाचनालयाची फाटकी पुस्तकं त्यांना बघवत नसत. एक दिवस त्यांनी पिशवीतून दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी काढली आणि सात-आठ पुस्तकांच्या पाठी अशा बेमालूम बांधल्या की एकही पान हलेना. तरी मी सांगितलं, अशा पट्टीनं कागद कालांतरानं पिवळा पडतो, मैद्याची खळ लावतात. त्यांनी कान पकडले. दुसऱ्या दिवशी घरून वाटीभर खळ शिजवून आणली आणि सगळ्या पट्ट्या ओल्या बोळ्यानं सोडवून पुस्तकं पुन्हा बांधली.

अकराव्या दिवशी कादंबरी संपली. त्यांनी ती मिटली, माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि म्हणाल्या, “मॅडम, ही भागी म्हंजे माझी आई, असं म्हनत्यात.”

मी खुर्ची पुढे केली.

त्यांनी जे सांगितलं ते सगळं उभ्यानंच. वडील त्या पोटात असतानाच गेले. बहात्तरच्या दुष्काळात त्या सहा वर्षांच्या होत्या. आई, साळूबाई, माहेरच्या बायकांबरोबर लांबच्या एका पाझर तलावाच्या कामावर गेली. कामावरच पालं टाकून राहायचं, म्हणून पोरीला चुलता-चुलतीकडं ठेवलं. जाताना आईनं तिच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवला होता. ती परत आली नाही. चुलत्यानं गावाला एवढंच सांगितलं, ‘कामावर गेल्ती, आली न्हाई.’ दोन वर्षांनी ‘खारा ओढा’ पुस्तक निघालं. गावातल्या मास्तरांनी ते आणलं, देवळात चार लोकांत वाचून दाखवलं, आणि कुणीतरी म्हणालं, ही तर आपली साळू. दुसरा म्हणाला, लेखक दुष्काळी कामं बघत हिंडत होता, त्यानं डोळ्यानं बघितलं आणि लिहिलं. झालं. त्या दिवसापासून सिंधू गावात ‘भागीची पोर’ झाली.

“नववीला त्यो धडाच हुता पुस्तकात,” त्या म्हणाल्या. “सरांनी वाचायला लावला. ज्याचा नंबर त्यो उभा राहून वाचतोय. ट्रकचं पान माझ्या वाट्याला आलं. मी उभी राहिले. सगळा वर्ग वळून बघतोय. मी दप्तर घेतलं आन् भाईर आले. मग नर्सिंगला गेले ती गेलेच.”

पुढे एक स्थळ ठरलं होतं. मुलगा शिकलेला, वाचणारा. बैठकीत कुणीतरी त्याच्या कानाशी लागलं. तेही मोडलं.

“मग आत्ता का वाचलंत?” मी विचारलं.

“नोकरी हुती तवर येळ न्हाई म्हनत हुते. आता काय सांगनार?”

मग पिशवीतून त्यांनी एक जाडजूड नोंदवही काढली. लसीकरणाच्या रजिस्टरसारख्या तिच्यात रेघा मारलेल्या होत्या. डाव्या रकान्यावर लिहिलं होतं ‘पुस्तकात’, उजव्यावर ‘मला आठवतं’. रोज घरी जाऊन त्या हेच लिहीत होत्या. पुस्तकात पोर तीन वर्षांची, मी सहाची. पुस्तकात पोरीला कामावर नेलंय, मला घरी ठेवलं होतं. पुस्तकात भागीचं लुगडं हिरवं, आईचं जांभळं. शेवटच्या ओळीत डावीकडं काही नव्हतं, उजवीकडं एकच शब्द होता: गूळ.

“एवढा फरक कसा?” त्या म्हणाल्या. “त्यानं बघून लिवलं म्हनत्यात तर मग नीट का न्हाई लिवलं? मला बघायचंय, त्यानं हे आनलं कुठनं.”

लेखक जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी म्हटलं, मग कागदालाच विचारावं लागेल. आणि आमचं काम सुरू झालं. खरं तर त्यांचं. मी फक्त कपाटं उघडून देत होते. दाखलनोंद वही बघून आमची प्रत कधी आली ते काढलं, ती चौथी आवृत्ती निघाली. तिचं छपाईची माहिती असलेलं पान बांधणीत गेलेलं. कोशातली लेखकाची नोंद, समीक्षेचे दोन ग्रंथ, जुन्या दिवाळी अंकांतल्या मुलाखती त्या एकेक करून वाचत गेल्या. अवघड शब्द अडला की कागदावर उतरवून माझ्याकडे आणायच्या. ‘अस्तित्ववादी’ या शब्दाचा अर्थ मी सांगितला तो त्यांनी नीट ऐकून घेतला आणि म्हणाल्या, “म्हंजे भागीनं आपलं आपनच ठरवलं, आन् का ते तिला कुनी इचारलं न्हाई?” एम.ए.च्या वर्गात मला हे कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं.

लेखकाच्या गौरवग्रंथात एका मित्राचा लेख होता. तो मी विद्यार्थी असताना वाचला होता आणि त्यात काही सापडण्यासारखं नाही, असं त्यांना सांगूनही टाकलं होतं. सिस्टरांनी तो वाचला आणि एका शब्दावर बोट ठेवून ग्रंथ माझ्यापुढे सरकवला.

“क्रमशः म्हंजे काय?”

वाक्य असं होतं की ही कादंबरी एका मासिकातून क्रमशः येत असताना लेखकाला वाचकांची पत्रं येत. मी त्या शब्दाकडे बघत राहिले. कादंबरी पुस्तक व्हायच्या आधी मासिकात आली होती. कधी, ते लेखात नव्हतं.

त्या मासिकाचे बांधीव अंक असलेच तर नगरला असणार होते. जिल्ह्याची पाटी बदलली तरी आमच्या एस्टीत बसलेलं माणूस तिकीट नगरचंच मागतं. एका सोमवारी, आमच्या सुट्टीच्या दिवशी, आम्ही दोघी आष्टी-कड्यावरून जाणाऱ्या गाडीनं निघालो. तिथल्या एका जुन्या ग्रंथालयात कर्मचाऱ्यानं सांगितलं, अंक मागच्या खोलीत आहेत, यादी केलेली नाही, खोली उघडत नाहीत, अर्ज करून जा, कळवू.

“बसते मी,” सिस्टर म्हणाल्या.

“आज नाही होणार, मावशी.”

“व्हय, कळलं. बसते मी.”

हे ‘बसते मी’ काय आहे ते मला त्यांनी परतीच्या गाडीत सांगितलं. अकोल्याच्या एका वाडीत एक म्हातारा नातवाला लस टोचू देत नव्हता. सिस्टर सकाळी त्याच्या उंबऱ्याबाहेर बसल्या. भांडल्या नाहीत, समजावलं नाही, नुसत्या बसल्या. पाऊस आला तरी छत्री उघडून बसल्या. दुपारनंतर म्हाताऱ्यानंच विचारलं, जेवलीस का गं? त्याच्या घरी भात खाल्ला, नातवाला टोचलं आणि दोन तास डोंगर उतरून खाली आल्या. “मानूस आपल्याला किती येळ बघनार? कटाळून दार उघडतंय,” त्या म्हणाल्या.

ग्रंथालयाचं दार तिसऱ्या दिवशी उघडलं. मी नोकरीमुळे जाऊ शकत नव्हते, त्या एकट्याच रोज पहाटेच्या गाडीनं जात आणि संध्याकाळी परत येत. तोंडाला रुमाल बांधून त्या खोलीतले अंक काढायचे, पुसायचे, वर्षावारी लावायचे. जवळजवळ तीन आठवडे. त्यांनी लावलेल्या गठ्ठ्यांवरून पुढे त्या ग्रंथालयानं यादी केली, असं ऐकते.

मग एक दिवस त्या दुपारी दोनला आमच्याकडे आल्या. एक झेरॉक्स माझ्यापुढे ठेवली. मासिकाचं पान. वर महिना आणि साल. खाली भागी, दगडांचा ढीग, पोर, ट्रक. शब्दन् शब्द तोच. साल बघून मी दोनदा हिशेब केला. बहात्तरच्या दुष्काळाच्या दोन वर्षं आधीचा जूनचा अंक होता तो.

“मी तवा चार वर्सांची,” सिस्टर म्हणाल्या. “आई घरीच हुती. मॅडम, आई जायच्या आदी भागी गेल्ती.”

मला इतका आनंद झाला की मी उठून त्यांचे हात धरले. लेखकानं साळूबाईला पाहिलं नव्हतं, तिच्यावर काही लिहिलं नव्हतं. गावानं छापलेलं पुस्तक उचलून एका गेलेल्या बाईच्या अंगावर घातलं होतं. पन्नास वर्षांचं बालंट एका झेरॉक्सनं पुसलं होतं. मी हे सगळं भरभर बोलत होते. त्यांनी हात सोडवून घेतले.

“ते बरोबर हाय,” त्या म्हणाल्या. “पन मग माझी आई गेली कुठं?”

मी परत खुर्चीत बसले.

“भागी तरी ट्रकमध्ये बसून गेली. मुंबईला गेली आसंल, खात-पित आसंल. मी लई राग राग केला तिचा. पन रोज कुठंतरी हाय म्हनून केला ना. आता ती बी न्हाई राह्यली.”

त्या दिवशी त्यांनी काही वाचलं नाही. चार वाजेपर्यंत कपाटाशी बसून होत्या. मी कार्डं लावत बसले.

या शोधाची हकिगत माझ्याकडूनच एका प्राध्यापकांपर्यंत गेली. ते हरखून गेले. मासिकातला पाठ आणि पुस्तकातला पाठ यांत बरेच फरक होते, त्यावर त्यांनी एका चर्चासत्रात निबंध वाचायचं ठरवलं. सिस्टरांनी सगळ्या झेरॉक्स त्यांना दिल्या, अट एकच घातली: आईचं नाव घ्यायचं नाही आणि माझंही नाही. चर्चासत्र पुढच्या वर्षी मार्चमध्ये झालं, आम्ही दोघी शेवटच्या रांगेत बसलो होतो. सर अर्धा तास बोलले, चांगलं बोलले. भागीवर वाचकांनी अन्याय केला आहे, असं म्हणाले. शेवटी ‘एका जिज्ञासू वाचक भगिनीचे’ आभार मानले. टाळ्या झाल्या. मागं कोणी वळून बघितलं नाही, कारण बघायचं कारणच नव्हतं. चहाच्या वेळी एका मुलीनं सिस्टरांना विचारलं, “आजी, तुम्ही कोणाबरोबर आलात?”

बाहेर पडल्यावर त्या म्हणाल्या, “सरांनी भागीबद्दल चांगलं सांगितलं. आता आपन गावाकडं जाऊ. ज्यांना सांगायचं त्यांना सांगितलंच न्हाई मी.”

ज्यांना सांगायचं त्यातलं एकच माणूस उरलं होतं. देवळात पुस्तक वाचणारे मास्तर, ऐकणारे, वर्गात वळून बघणारे, चुलती, सगळे गेले होते किंवा पांगले होते. चुलते तेवढे होते, तात्या, नव्वदीच्या आसपासचे. माझ्या स्कूटीवरून आम्ही दोघी गावी गेलो. उन्हं चढायच्या आत निघालो होतो तरी पोचेपर्यंत हातावर चटके बसत होते. तात्या कडुलिंबाखाली खाटेवर पडलेले. सुनेनं पाणी दिलं, चहा ठेवायला आत गेली. तात्यांनी हात कपाळावर आडवा धरून बघितलं.

“कोन, सिंधे का? लई वर्सानं.”

सिस्टरांनी झेरॉक्स काढली, पण तात्यांना दिसत नव्हतं आणि ऐकूही कमी येत होतं. मग त्या खाटेच्या कडेला टेकल्या आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, “तात्या, ते भागीचं पुस्तक हाय ना, ते आई जायच्या आदीच छापून आलं हुतं. दोन वर्सं आदी. आईचं न्हाई ते. लोक खोटं बोलले.”

तात्या वर झाडाकडे बघत होते. मला वाटलं, ऐकू गेलं नाही.

“मला ठावं हाय,” ते म्हणाले.

सिस्टरांनी झेरॉक्सची घडी घातली.

“कुटल्या ट्रकात बसली न्हाई ती. पटकी झाली हुती तिला कामावं, जुलाब-वांत्या. जीपगाडीतनं दवाखान्यात नेली. मुकादमाचा मानूस सायकलवं निरोप घिऊन आला, चला म्हनला. मी म्हनलं येतो. तुजी चुलती म्हनली, घरात चार लेकरं हायती, रोग आनाल घरात. म्या गेलो न्हाई. दोन दिस वाट बगून कामावरच्या लोकांनीच माती दिली.”

“मला का न्हाई सांगितलं?”

“काय सांगायचं? मेली म्हनलं आसतं तर गावानं इचारलं आसतं, माती द्याया कोन गेल्तं.” ते खोकले. “मंग ते पुस्तक आलं. लोक बोलाय लागले. आमी गप बसलो. बोलू दिलं.”

आतून कपबशांचा आवाज येत होता. मी सिस्टरांकडे बघत होते आणि मला भीती वाटत होती. त्या ओरडतील, रडतील, उठून जातील, असं काहीतरी. त्यांनी विचारलं, “दवाखान्यात किती येळ हुती?”

“एक रात.”

“सलाईन लावलं हुतं का?”

“मला काय ठावं?”

“शुद्धीवर हुती का?”

“इचारलं न्हाई गं म्या,” तात्या म्हणाले. त्यांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे ओघळलं. म्हातारपणाचं होतं की कशाचं, मला सांगता येणार नाही.

चहा आला. सिस्टरांनी तो घेतला. बशी खाली ठेवून त्यांनी तात्यांच्या पायावरचं पांघरूण बाजूला केलं आणि घोट्याजवळ अंगठा दाबला. खळगा पडला तो तसाच राहिला. सुनेला हाक मारून म्हणाल्या, “सूज हाय. मीठ बंद करा ह्यांचं, पापड-लोनचं कायी देऊ नका. आन् ह्या आठवड्यात नगरला नेऊन दाखवा, हयगय करू नका.” सुनेनं मान डोलावली. सिस्टरांनी पांघरूण पुन्हा नीट पायाखाली खोचलं. निघताना तात्यांनी त्यांचा हात धरायला बोटं पुढं केली. त्यांनी ती धरली, थोडा वेळ धरून ठेवली आणि खाटेवर ठेवून दिली.

रस्त्याला लागल्यावर मागून आवाज आला, “मॅडम, पावसाळ्यात वाड्यांवर जुलाबाची साथ यायची. मी पाठीवर क्षाराच्या पुड्या घेऊन चढायचे. चमच्या-चमच्यानं रातभर पाजायचं, बास. माझ्या वाड्यांत एक मानूस जाऊ दिलं न्हाई मी.”

मी गाडी चालवत होते. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, आई कामाला होती त्या तलावावर नेता का? चौकशी करत करत आम्ही पोचलो. दुष्काळात बांधलेला पाझर तलाव, आता तळाला थोडं हिरवट पाणी, काठावर मोटारींचे काळे पाईप, दोन म्हशी. माणूस कुठं नव्हतं. भराव मात्र अजून जसाच्या तसा होता, लांबच लांब, आणि पाण्याच्या बाजूला उतरता दगडांचा थर. एकेक दगड कामावरच्या बाया-माणसांनी हातानं बसवलेला. गाडी खालीच थांबवावी लागली.

“तुमी जावा,” त्या म्हणाल्या. “वाचनालय उघडायचंय तुमाला. मी येते एस्टीनं.”

त्या रस्त्याला एस्टी नव्हती. ते त्यांनाही माहीत होतं. मी म्हटलं, थांबते मी, घाई नाही. त्यांनी माझ्या दंडावर हलकेच थोपटलं, इंजेक्शन दिल्यावर थोपटतात तसं, आणि पुन्हा म्हणाल्या, “जावा.”

त्यानंतर त्या वाचनालयात आल्या नाहीत. दहा-बारा दिवसांनी मी त्यांच्या खोलीवर गेले तर कुलूप होतं. मालकिणीनं सांगितलं, अकोल्याकडं गेल्या, तिकडं वरच्या कुठल्याशा वाडीत राहायची सोय झाली म्हणे. फोन लागत नाही, डोंगरात रेंज नसते. तात्या उन्हाळा संपताना गेले. माती द्यायला सिस्टर आल्या होत्या, असं त्यांच्या सुनेकडून कळलं. जामखेडवरूनच गेल्या असणार. मला भेटल्या नाहीत.

म्हणून मला त्या आठवतात त्या तलावावरच्या. मी स्कूटी चालू करून वळणापर्यंत गेले आणि थांबून मागं पाहिलं. त्या भरावाच्या उतारावर पाण्याकडेच्या बाजूला होत्या. साडीचा सोगा कमरेला खोचलेला. एक पाऊल टाकत, वाकत, तळहात दगडावर ठेवत, उचलून पुढच्या दगडावर ठेवत, त्या पलीकडच्या टोकाकडे चालल्या होत्या. ऊन डोक्यावर होतं आणि दगड भाजत असणार. भराव खूप लांब होता. मी बघत होते तोवर त्या निम्म्यापर्यंतसुद्धा पोचल्या नव्हत्या.